‘लव्हली डे, इझन्ट इट?’ला काय उत्तर द्यायचं?

स. न. वि. वि.

मी ६३ वर्षांची, नाशिकची. बँकेतून निवृत्त झाले आणि सध्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे, इंग्लंडमध्ये रेडिंगला आले आहे. इंग्रजी मला नवीन नाही. दहावीला चांगले मार्क होते, बँकेत वरिष्ठांना पत्रं मीच लिहायचे. पण इथे एका बारीकशा गोष्टीवर अडकले आहे. शेजारच्या गोऱ्या आजी रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारतात, ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ एकदा खरंच आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, ‘नो, इट इज क्लाउडी, रेन आफ्टर टू ओ’क्लॉक.’ त्यांचा चेहरा पडला आणि त्या आत गेल्या. मग त्यांच्याकडे चहाला गेले, तर त्या म्हणाल्या, ‘यू डोन्ट टेक शुगर, डू यू?’ मला मधुमेह आहे. मी ‘येस’ म्हटलं आणि त्यांनी दोन चमचे घातले. मी बोलताना सगळीकडे ‘इझन्ट इट’ लावते म्हणून जावई हसतात. माझी १३ वर्षांची नात मात्र उठता-बसता ‘इनिट’ म्हणते, तिला कुणी हसत नाही. मुलगी म्हणते, ‘आई, दर वाक्याला असं विचारत राहिलीस तर तुला कशाचीच खात्री नाही असं वाटतं.’ या वयात पुन्हा व्याकरणाचं पुस्तक आणू का?

— एक आजी, रेडिंग


प्रिय ताई,

आधी साखरेचं बघू, कारण त्यात तब्येतीचा मामला आहे.

तुम्ही ‘येस’ म्हणालात ते मराठीत अगदी बरोबर होतं. ‘तुम्ही साखर घेत नाही ना?’ असं कुणी विचारलं की आपण ‘हो, नाही घेत’ म्हणतो. त्यातला ‘हो’ साखरेला नसतो, माणसाला असतो. ‘हो, तुम्ही म्हणता ते बरोबर.’ जपानी माणूससुद्धा असंच उत्तर देतो. इंग्रजीचा हिशेब वेगळा. तिथे बोलणारा बरोबर आहे की चूक याच्याशी ‘येस’-‘नो’ला कर्तव्य नाही, फक्त प्रत्यक्षात काय आहे ते बघायचं. साखर घेत असाल तर ‘येस’, घेत नसाल तर ‘नो’, मग समोरच्याने प्रश्न सुलटा विचारलेला असो की उलटा. ‘येस’च्या मागे न बोललेलं ‘आय डू’ असतं आणि ‘नो’च्या मागे ‘आय डोन्ट’. तुमच्या शेजारणीला ऐकू आलं ते असं: ‘नाही नाही, घेते की मी!’ तिने बिचारीने पाहुणीचा मान राखला.

याच खड्ड्यात मीही पडलेय. १९९०च्या आसपास शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी तीन महिने लीड्सला होते. पहिल्याच सकाळी घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘यू हॅवन्ट हॅड ब्रेकफास्ट, हॅव यू?’ मी हसून ‘येस’ म्हटलं. मनात होतं, ‘हो, बरोबर ओळखलंत, नाही झाला.’ त्यांनी ‘झाला’ असं ऐकलं आणि टोस्टची ताटली माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेली. दुपारी एकपर्यंत मी इंग्रजी व्याकरणावरचं व्याख्यान रिकाम्या पोटी ऐकलं. तेव्हापासून नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ मी बोलत नाही, शेपूट जोडते: ‘नो, आय हॅवन्ट.’ ‘नो, आय डोन्ट.’ शेपूट जोडलं की तोंडातून चुकीचा शब्द निघायला आला तरी जीभ अडते.

आता हवामान.

शेजारणीने तुम्हाला प्रश्न विचारलाच नव्हता. नाशिकला मे महिन्यात जिन्यात भेटलेली बाई पदराने वारा घेत म्हणते, ‘काय उकडतंय ना!’ तुम्ही तिला कधी ‘नाही, आज ३८ आहे, परवा ४० होतं’ असं सांगितलंत का? तुम्ही म्हणालात, ‘हो ना!’ एवढ्यावर दोघी आपापल्या मजल्यावर गेलात आणि दोघींनाही बरं वाटलं. कुंपणापलीकडून आलेलं ‘लव्हली डे, इझन्ट इट?’ हे तेच आहे. दोन इंग्रज भेटले की पहिली गोष्ट हवामानाची, आणि जे दोघांनाही ठाऊक असणारच तेच घाईघाईने एकमेकांना सांगतात, असं इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने १७५८ सालीच लिहून ठेवलंय. खोड जुनी आहे. त्यामुळे उत्तरही ठरलेलं: ‘इट इज, इझन्ट इट?’ किंवा नुसतं ‘इझन्ट इट!’ शेपटाला शेपूट. ‘हो ना’चं याहून चांगलं इंग्रजी भाषांतर मला आजवर सापडलेलं नाही.

आभाळ खरंच भरून आलं असेल तर? आधी होकार, मग छत्री. ‘इट इज, इझन्ट इट? माइट रेन लेटर, दो.’ त्या बाईला ढग दिसत नव्हते असं नाही. तिने बोलण्याचं दार उघडलं आणि तुम्ही बँकेतल्यासारखं व्हाउचर तपासलंत, एवढंच झालं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हा घोळ मुळात आम्ही मास्तर-मास्तरणींनी घातलाय. कराडला एका शाळेत मी २८ वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं. ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’, म्हणजे वाक्याला ‘इझन्ट इट’सारखं शेपूट जोडा, एक मार्क. वाक्य होकारी असेल तर टॅग नकारी, नकारी असेल तर होकारी, हेल्पिंग व्हर्ब तेच, नावाऐवजी सर्वनाम, आधी स्वल्पविराम आणि शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह विसरलं की अर्धा मार्क मी स्वतः कापलाय. नियम खोटा नव्हता, पण त्या प्रश्नचिन्हाने पोरांचा असा समज झाला की हा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायचं असतं. टॅगचा अर्थ निम्म्याहून जास्त सुरात असतो, आणि सूर आम्ही फळ्यावर कधी लिहिला नाही. लिहिणार तरी कसा?

सुराची गोष्ट अशी. दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यात शेपटाचा आवाज खाली उतरला, तर बोलणाऱ्याला खात्री आहे आणि त्याला फक्त तुमची मान डोललेली हवी आहे. आवाज वर चढला, तर त्याला खरंच माहीत नाही. ‘यू आर कमिंग ऑन सॅटर्डे, आरन्ट यू’ खाली उतरवून म्हटलं तर ‘शनिवारी येताय ना मग’, आणि वर नेलं तर ‘शनिवारी येताय ना... का नाही?’ आपल्या ‘ना’लासुद्धा हे दोन्ही सूर आहेत. तुम्ही ते जन्मभर बिनचूक वापरताय, फक्त इंग्रजी बोलताना कान बंद करून डोळ्यांपुढे दहावीची उत्तरपत्रिका धरताय.

जावयांचं हसणं मात्र मी अगदीच उडवून लावणार नाही. ‘यू आर गोइंग टू टाउन, इझन्ट इट?’ हे तिथल्या कानाला खटकतं, कारण इंग्रजी शेपूट दर वाक्याला बदलतं. कर्ता बदलला की बदल, काळ बदलला की बदल, होकार-नकार उलटा झाला की पुन्हा बदल. आरन्ट यू, डझन्ट ही, डिडन्ट वुई, वोन्ट दे, कुडन्ट शी. ‘लेट्स गो’ म्हटलं की ‘शॅल वुई’. ‘नोबडी केम’ म्हटलं की ‘डिड दे’. आलं कुणीच नाही, पण सर्वनाम अनेकवचनी! आणि सगळ्यात विनोदी म्हणजे ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय?’. ‘आय आर’ म्हणणाऱ्या पोराचा कान धरणारी भाषा इथे स्वतःच ‘आरन्ट आय’ म्हणते. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ‘ॲमन्ट आय’ म्हणतात, ते जास्त शहाणपणाचं, पण इंग्लंडच्या व्याकरणाने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलंय. हे एवढं यंत्र इंग्रजांच्या लेकरांनाही उशिराच जमतं. आपल्याकडे मात्र एकच ‘ना’. तो कर्ता बघत नाही, काळ बघत नाही. मराठी डोक्याने त्या ‘ना’च्या जागी ‘इझन्ट इट’ बसवलं तर त्यात आळस नाही, साधा हिशेब आहे. भारतातल्या कितीतरी लोकांचं इंग्रजी असंच आहे.

गंमत अशी की अमेरिकनांनीही हे यंत्र बरंचसं बाजूला ठेवलंय. गुनेल टॉटी आणि सेबॅस्टियन हॉफमन या भाषा-अभ्यासकांनी २००६मध्ये दोन्हीकडच्या रोजच्या बोलण्याचे मोठे संग्रह ताडून पाहिले, तर ब्रिटिशांच्या गप्पांत असले टॅग अमेरिकनांच्या जवळजवळ नऊपट निघाले. अमेरिकन ‘राइट?’ किंवा ‘हं?’ म्हणून मोकळा होतो. थोडक्यात, तुम्ही मुक्कामाला आहात तो देशच शेपटांचा आहे.

आणि आता नात. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण पत्र वाचताना खरं तर याच जागी हसू आलं.

‘इनिट’ म्हणजे ‘इझन्ट इट’च, बोलून बोलून झिजलेलं. पण झिजता झिजता त्याने कर्ता आणि काळ टाकून दिले. १९९३मध्ये लंडनच्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून सुमारे पाच लाख शब्दांचा संग्रह केला गेला. त्यावर नॉर्वेच्या गिस्ले अँडरसन यांनी काम केलं, आणि त्या संग्रहात ‘इनिट’ कुठल्याही वाक्यामागे लागलेलं सापडतं. ‘दे आर लेट, इनिट.’ ‘वुई सॉ हिम, इनिट.’ तुमचे जावई ज्याला हसतात ना, तेच हे! हे लंडनच्या पोरांत कसं रुजलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं कॅरिबियन आणि भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांच्या शेजारामुळे त्याला जोर मिळाला, कुणी म्हणतं इंग्रजी आपल्या पायांनीच तिकडे निघाली होती. पहिलं निम्मं जरी खरं असलं, तरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी लंडनमधल्या साउथॉलच्या दुकानात ‘इझन्ट इट’ म्हणणारी एखादी आपल्याकडची आजी तुमच्या नातीच्या ‘इनिट’ची पणजी ठरते. शेजारच्या वेल्समध्येही कितीतरी लोक कुठल्याही वाक्याला बेधडक ‘इझन्ट इट’ लावतात. त्यांना त्यासाठी आपली गरज पडलेली नाही.

माझी आजी कराडजवळच्या खेड्यातली. ती म्हणायची, ‘पोरगं आलं न्हवं?’ ‘शिकला न्हवं तू?’ कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही हे ऐकू येईल. न्हवं म्हणजे ‘नव्हे’. म्हणजे ‘इझन्ट’! एक नकारी क्रियापद झिजलं, रूपं बदलायचं विसरलं आणि वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. थेम्सकाठी जे ‘इनिट’चं झालं तेच कृष्णाकाठी ‘न्हवं’चं, आणि दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. शाळेत ‘न्हवं’ म्हटलं की आमच्या गुरुजींची पट्टी पडायची. तिकडे २०१३मध्ये दक्षिण लंडनच्या एका शाळेने मुलांना बोलायची मनाई केलेल्या शब्दांची यादी लावली, तिच्यातही ‘इनिट’ होतं. तेव्हा नातीला कुणीच हसत नाही असं समजू नका. घरात हसत नाहीत, एवढंच.

मग एकाच घरात तुमचं ‘इझन्ट इट’ चूक आणि तिचं ‘इनिट’ चालतं, हे कसं? यात व्याकरणाचा काही संबंध नाही. तिचं ऐकलं की ती इथलीच वाटते, तुमचं ऐकलं की तुम्ही बाहेरच्या वाटता. हसू येतं ते या वाटण्याला. जावयांना हे सांगा, पण जेवण झाल्यावर, आणि चिडून नको. तुम्ही स्वतः ‘इनिट’ म्हणायला लागू नका, हेही सांगून ठेवते. ६३व्या वर्षी ते नातीच्या जीन्ससारखं दिसेल. तुम्हाला चालत असेल तर माझी हरकत नाही, नातीची असेल.

मुलीच्या म्हणण्याला मात्र मी स्पष्ट विरोध करते. टॅग लावणाऱ्याला खात्री नसते हा समज जुना आहे, आणि तो बायकांवर जास्त लादला गेलाय. १९७०च्या दशकात अमेरिकेत भाषा-अभ्यासक रॉबिन लेकॉफ यांनी मांडलं की बायका टॅग जास्त वापरतात आणि त्यातून त्यांची अनिश्चितता दिसते. अंदाज होता, मोजणी नव्हती. १९७५मध्ये बेटी लू डुबॉइस आणि इझाबेल क्राउच यांनी एका छोट्या परिषदेतली चर्चा तपासली. ३३ टॅग सापडले आणि ३३च्या ३३ पुरुषांच्या तोंडचे! पुढे न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी टॅगचं काम वेगवेगळं करून दाखवलं. काही शंकेचे असतात, पण पुष्कळसे समोरच्याला बोलण्यात ओढून घ्यायचे. घरी आलेल्या बुजऱ्या पाहुण्याला ‘तुम्ही नाशिकच्या ना?’ म्हणणारी यजमानीण नाशिकबद्दल साशंक नसते. ती पाट मांडते, बसायला सांगते. तुमच्या शेजारणीने केलं ते हेच.

सगळीच शेपटं मात्र अशी मायाळू नसतात, ते कानावर असू द्या. होकारी वाक्याला होकारीच शेपूट लागलं की सावध व्हायचं. ‘सो यू हॅव डन द डिशेस, हॅव यू?’ हे आपलं ‘अस्सं होय! भांडी घासलीस का तू!’ त्याच चालीवर, अर्थही तोच. (नेहमीच टोमणा असतो असं नाही. ‘ओह, यू आर फ्रॉम इंडिया, आर यू?’ हे बहुधा निव्वळ कुतूहल.) आणि आणखी एक खास ब्रिटिश तऱ्हा आहे, तिच्याकडे अमेरिकेच्या जॉन अल्जिओ यांनी १९८८मध्ये बोट दाखवलं. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक असणंच शक्य नाही तिथे टॅग मारायचा. ‘व्हेअर्स डॅड?’ विचारलं की पोरगी म्हणते, ‘आय डोन्ट नो, डू आय?’ तिला कळतं की नाही हे तुम्ही कसं सांगणार? ते ‘मला काय माहीत!’ आहे. नात आज ना उद्या तुम्हाला हे ऐकवेलच. ऐकवलं तर तिचं इंग्रजी तपासू नका, आवाज तपासा.

आता पुस्तक. आणू नका. दहावीचा नियम तुमच्या डोक्यात आहेच, उलट तोच जरा जास्त आहे. बोलताना मात्र त्यातलं थोडंसंच काढा. वस्तू, हवा, चहा, बाग, बसला झालेला उशीर, या सगळ्याला ‘इट’ चालतं. वाक्य होकारी असेल आणि त्यात ‘इज’ असेल, तर तिथे तुमचं ‘इझन्ट इट’ बिनधास्त वापरा, ते शंभर टक्के बरोबर आहे. समोरच्या माणसाबद्दल बोलताना ‘यू आर’ आलं तर ‘आरन्ट यू’, क्रियापद साधं, वर्तमानकाळातलं असेल तर ‘डोन्ट यू’. बाकी सगळीकडे ‘राइट?’ म्हणून पुढे चला. लोकांना ते जरा अमेरिकन वाटेल, पण खटकणार नाही. आणि कुणी तुमच्याकडे शेपूट टाकलं तर उत्तरात तेच शेपूट उलटवून परत करा, त्यासाठी नवीन काहीच शिकावं लागत नाही.

शिवाय एक उद्योग सांगते, तुमच्या बँकेच्या सवयीला जमेल. एक छोटी वही घ्या. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसा, दुकानाच्या रांगेत उभ्या राहा, कुंपणाशी तर जाताच. शेपूट ऐकू आलं की वहीत एक रेघ ओढा. आवाज खाली उतरला तर डाव्या रकान्यात, वर चढला तर उजव्या. कोण, काय बोललं ते लिहायचं नाही, नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही कुणासाठी तरी पाळत ठेवताय. पंधरा दिवसांनी बेरीज करा. डावा रकाना किती भरला आणि उजवा किती, ते मला कळवा. माझा अंदाज मी पाकिटात घालून ठेवते.

आणि शेजारणीकडे या आठवड्यात तुम्हीच जा, त्यांनी बोलवायची वाट बघू नका. हवा कशीही असो.

तुमची,
इंग्रजीची जुनी बाई